ब्रेक लावताना होणारा आवाज : निदानाची शिस्त

(ओझर, जिल्हा नाशिक येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ओझर हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. येथून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशास इगतपुरीपुढे कसारा घाट उतरावा लागतो. धुळ्याच्या दिशेने जाणाऱ्यास चांदवडपुढे राहूड घाट लागतो. वणीच्या देवीच्या दर्शनास निघालेले कुटुंब नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढते आणि दर्शन आटोपून तोच घाट उतरते. तात्पर्य, येथील मोटार कोणत्याही दिशेला निघाली तरी तिच्या ब्रेकची परीक्षा ठरलेलीच आहे. म्हणूनच ब्रेक लावताना मधूनच ऐकू येणारा 'खट्' असा आवाज हा वरवर किरकोळ वाटणारा विषय येथे गांभीर्याने विचारात घेणे उचित ठरते.

या आवाजाचे वैशिष्ट्य असे, की तो नेहमी येत नाही. दहा वेळा ब्रेक लावला तर एकदा येतो. मोटार गॅरेजमध्ये नेली की मुळीच येत नाही. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि काही दोष नसल्याचे सांगतो. नाहीतर अंदाजाने एखादा भाग बदलला जातो, चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. पैसा खर्च होतो, दोष मात्र कायम राहतो. पुढे घरातील माणसांना त्या आवाजाची सवय होते. धोका आहे तो या सवयीत.

तपासणी कोणाची जबाबदारी?

भाड्याने प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या वाहनास ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या वेळी त्याचे ब्रेक तपासले जातात. कुटुंबाच्या खासगी मोटारीची नोंदणी मात्र पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे वैध असते. या काळात तिच्यासाठी मुदतीने होणारी जी चाचणी सर्वांच्या परिचयाची आहे, ती प्रदूषणाची. त्या चाचणीत नळीतून निघणारा धूर मोजला जातो, ब्रेक पाहिले जात नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर चालविणे हा गुन्हा आहे. पण ती स्थिती वेळीच ओळखण्याचे काम प्रत्यक्षात मालकाच्या दक्षतेवरच सोपविलेले आहे. १५ वर्षांच्या या अवधीत मोटारीचा पहिला निरीक्षक म्हणजे तिच्यात बसणारे कुटुंबच होय.

आवाज का होतो आणि मधूनच का होतो?

१००० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या ठायी असलेली ऊर्जा तेवढेच वजन सुमारे २५ मीटर, म्हणजे अंदाजे आठ मजली इमारतीइतके उंच उचलण्यास पुरेशी असते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ब्रेक लावताच ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने मुरवावी लागते आणि मोटारीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. त्या क्षणी ब्रेकचे पॅड, त्यांना धरून ठेवणारे कॅलिपर, चाकाला सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म, त्याचे रबरी बुश आणि इंजिनाखालील माउंटिंग या सर्वांवर ताण येतो.

यांपैकी एखादा भाग सैल असेल, तर तो आपल्या फटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. जेथे तो अडतो तेथे 'खट्' होते. ब्रेक सोडल्यावर तोच भाग परत फिरला तर दुसरा 'खट्' ऐकू येतो. भाग सरकून एकाच टोकाला टेकून राहिला, तर पुढचे दहा ब्रेक निःशब्द जातात. मोटार मागे घेतली की तो पूर्वस्थळी येतो आणि त्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला पुन्हा वाजतो. थंडीत रबर कठीण होते, पावसात धातूवर गंज धरतो, मागच्या आसनावर तीन माणसे बसली की भार बदलतो. आवाज लहरीपणाने येतो असे वाटते, कारण तो कोणत्या परिस्थितीत येतो हे कोणी टिपून ठेवलेले नसते. ही परिस्थिती शोधून काढणे म्हणजेच निम्मे निदान होय.

विमानाच्या कारखान्यापासून घेण्याजोगा धडा

ओझर येथे १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि या परिसराला यंत्रविद्येची परंपरा लाभली. विमानांच्या देखभालीचे दोन नियम घरच्या मोटारीलाही लागू पडतात. पहिला नियम असा, की वैमानिकाला जाणवलेला दोष तोंडी सांगून भागत नाही. तो नोंदवहीत लिहावा लागतो आणि त्याचा निकाल लागल्याची सही झाल्याखेरीज ती नोंद मिटत नाही. दुसरा नियम असा, की कामासाठी घेतलेले प्रत्येक हत्यार काम संपल्यावर मोजून परत घेतले जाते, कारण विसरलेला एक पानाही अनर्थ घडवू शकतो.

हा दुसरा नियम मोटारीच्या बाबतीत फार उपयोगाचा आहे. ब्रेक लावताना होणाऱ्या आवाजाचे उगमस्थान अनेकदा ब्रेकमध्ये नसून डिकीत असते. सैल राहिलेला जॅक, नीट न आवळलेली स्टेपनी, पाने ठेवलेली पिशवी, आसनाखाली गडगडणारी पाण्याची बाटली या वस्तू ब्रेक लागताच पुढे आदळतात. म्हणून कोणताही भाग खोलण्यापूर्वी मोटार पूर्णपणे रिकामी करावी, स्टेपनी आणि जॅकसुद्धा बाहेर काढावेत आणि मग नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

आवाजाला नाव द्यावे

मराठी भाषा ध्वनिवाचक शब्दांनी समृद्ध आहे. त्या संपत्तीचा येथे उपयोग करावा. 'टक्' असा एकच हलका आवाज बहुधा पॅड किंवा त्यांच्या स्प्रिंगपट्टीकडे बोट दाखवतो. 'धप्प' असा जड आवाज आला आणि तो पायाखाली जाणवला, तर लोअर आर्मचे बुश किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे. 'खडखड' रस्ता खराब असताना अधिक होत असेल, तर सस्पेन्शनचे जोड पाहावेत. 'किरकिर' किंवा 'घरघर' हा घासण्याचा आवाज असून पॅड झिजून संपत आल्याचे ते लक्षण असू शकते. तेथे विलंब करू नये. मेकॅनिकला "आवाज येतो" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना "बरे वाटत नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र दोष समजू नये. एप्रिल २०१९ पासून देशातील नव्या प्रवासी मोटारींत चाके जखडू न देणारी ए. बी. एस. यंत्रणा सक्तीची झाली आहे. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला असता पायाला जाणवणारी थरथर आणि तिच्यासोबतची घरघर हे या यंत्रणेचे नेहमीचे कार्य असते. काही मोटारी सुरू करून थोड्या पुढे नेल्यावर ही यंत्रणा स्वतःची चाचणी घेते, तेव्हाही एक लहानसा आवाज होतो.

दोन वह्या, दोन निदाने

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की ओझरहून नाशिकला नोकरीसाठी जाणाऱ्या दोन शिक्षकांची तक्रार एकच आहे : "ब्रेक लावताना कधी कधी आवाज येतो." दोघेही आठ दिवस वहीत नोंदी ठेवतात.

पहिल्या वहीत असे आढळते : सकाळी मोटार फाटकातून मागे घेऊन रस्त्यावर आणल्यानंतर पहिल्याच ब्रेकला 'टक्' झाले. नंतर नाशिकपर्यंत एकदाही झाले नाही. शाळेच्या आवारातून मोटार मागे घेतल्यावर पुन्हा पहिल्या ब्रेकला झाले. गतिरोधकावर आवाज नाही. माणसे किती बसली यावर अवलंबून नाही. दिशा बदलल्यानंतर एकदाच येणारा हा आवाज पॅड आपल्या खाचेत सरकत असल्याचे सुचवतो. पुढची चाके काढून पाहावे. पॅड बदलताना त्यांची स्प्रिंगपट्टी परत बसविली गेली नसेल, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकते त्या झिजल्या असतील. पट्टी नवी घालणे, पिना साफ करून उष्णता सोसणारे योग्य ग्रीस लावणे आणि कॅलिपरचे बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळणे हा त्यावरील उपाय होय.

दुसऱ्या वहीतील नोंदी निराळ्या आहेत : ब्रेक जोरात लावला की 'धप्प', सोडला की पुन्हा 'धप्प'. गतिरोधकावरही आवाज. सकाळच्या थंडीत अधिक. क्लच दाबून धरला तरी फरक नाही. क्लचचा परिणाम होत नसल्यामुळे इंजिनाच्या माउंटिंगवरील संशय कमी होतो आणि लोअर आर्मचे फाटलेले बुश किंवा झिजलेला बॉल जॉइंट यांवर लक्ष केंद्रित होते. यांपैकी बॉल जॉइंट अधिक घातक असतो. तो निखळला तर चाक आडवे पडते.

तक्रारीचे वाक्य एकच असल्यामुळे वह्यांवाचून दोन्ही मोटारींचे पॅड बदलले गेले असते. दुसऱ्या शिक्षकाचा खर्च व्यर्थ जाऊन त्याचा धोका मात्र तसाच राहिला असता.

तपासणीचा क्रम

सर्वप्रथम चाकांचे नट तपासावेत. नुकतेच पंक्चर काढले असेल तर हे विशेष अगत्याचे आहे. चाक बसविल्यानंतर थोडे अंतर धावून झाल्यावर नट पुन्हा एकदा पाहावेत.

त्यानंतर मोकळ्या, सपाट आणि कोरड्या जागी, काचा खाली करून, ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने प्रयोग करावा. प्रथम ब्रेक हलका लावावा, मग जोराने, मग मोटार मागे घेताना. दुसऱ्या व्यक्तीने मोटारीच्या मार्गात न येता बाजूला अंतरावर उभे राहून आवाज कोणत्या चाकाकडून येतो ते ऐकावे. तारेने ओढला जाणारा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल, तर त्याचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढावा. केवळ त्यानेच आवाज आला, तर शोध मागील चाकांपासून सुरू करावा. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकवर हा प्रयोग करू नये.

पुढील पायरी चाक उचलून हलवून पाहण्याची. चाक वर-खाली धरून हलविले असता ते खेळत असेल, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग तपासावे. आडवे धरून हलविले असता खेळत असेल, तर स्टिअरिंगचे जोड पाहावेत. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. भक्कम स्टँड आणि उरलेल्या चाकांना अडसर यांवाचून ते जिवावर बेतते.

खोललेल्या भागावर चकचकीत घासलेली जागा दिसली, तर तेथेच धातूवर धातू आपटत असल्याचा तो पुरावा समजावा. शेवटचा नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. चार भाग एकदम बदलले तर आवाज थांबेलही, पण तो कशामुळे होत होता हे अज्ञातच राहील.

थांबण्याची वेळ

ब्रेकचे पेडल मऊ लागणे किंवा नेहमीपेक्षा खोल जाणे, मोटार एका बाजूला ओढली जाणे, ब्रेक ऑइलची पातळी उतरणे, ब्रेकचा लाल दिवा लागणे, स्टिअरिंग सैल वाटणे, किंवा आवाज दिवसेंदिवस वाढत जाणे यांपैकी एकही लक्षण आवाजासोबत दिसले, तर नोंदी ठेवीत बसू नये. मोटार तेथेच थांबवावी आणि ती चालवत न नेता ओढून गॅरेजमध्ये न्यावी. अशा मोटारीने घाट उतरण्याचे साहस कोणीही करू नये.

लॉगबुकात एक रकाना

शासकीय वाहनांसाठी लॉगबुक ठेवण्याची पद्धत आहे. त्यात किलोमीटर आणि इंधन यांची नोंद होते. त्याच पानावर 'जाणवलेला दोष' आणि 'केलेला उपाय' असे दोन रकाने वाढविले आणि अधिकाऱ्यांनी सही करताना ते वाचले, तर अनेक दोष लहान असतानाच हाती लागतील. शिक्षकांना हाच विषय वर्गात मांडता येईल, कारण निरीक्षण, नोंद, अनुमान आणि पडताळा हा विज्ञानाचा क्रम घरच्या मोटारीइतका सहज क्वचितच दाखविता येतो. पंचायत सदस्यांना गावातील चालक आणि गॅरेजवाले यांना एकत्र बोलावून घाटाच्या प्रवासापूर्वी करावयाच्या तपासणीची माहिती देता येईल. प्रत्येक कुटुंबाला तर मोटारीच्या कप्प्यात एक वही आणि एक पेन्सिल ठेवता येईल. पुढच्या वेळी ब्रेक लावताना 'खट्' झाले, की वाहन बाजूला उभे करून तारीख, वेग, जागा आणि आवाजाचे नाव त्या वहीत लिहावे. मोटार मेकॅनिककडे नेताना ती वहीही सोबत न्यावी.