ई-पुस्तकातील मराठी अक्षर

ई-पुस्तकात अक्षर लहानमोठे करण्याची मुभा वाचकाला असते; जुळणी करणाऱ्याने ती हिरावून घेऊ नये. शिरोरेषेवर वेलांटी व रफार, तळाशी उकार, अशी आपली लिपी असल्याने ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे असलेला टंक निवडावा. परंतु सुबक टंक म्हणजे सर्वस्व नव्हे. युनिकोडपूर्व टंकात जुळविलेले पान डोळस वाचकाला निर्दोष दिसते. अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला मात्र त्यात बहुधा निरर्थक रोमन चिन्हेच सापडतात. म्हणून शाळेसाठी वा पंचायतीसाठी ई-पुस्तक स्वीकारताना त्यातील एक परिच्छेद यंत्राकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जे ऐकताही येते, तेच पुस्तक सर्वांचे होय.