आरंभीची आज्ञा
(हीरक महोत्सवानिमित्त कुम्हारी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मुंबई–हावडा लोहमार्गावर रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान कुम्हारी हे स्थानक आहे. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची रचना अशी असे, की तार तुटली तर हात आपोआप आडवा होऊन ‘धोका’ दर्शवी. कोणाचीही आज्ञा पोहोचली नाही तर काय करावे, हे सिग्नल घडवतानाच ठरलेले असे. संगणक सुरू होतानाही हाच प्रश्न उभा राहतो.

संगणक प्रणालीच्या गाभ्यास ‘कर्नेल’ म्हणतात. लिनक्स हे कर्नेल 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रथम प्रसृत केले. बटण दाबल्यावर ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम कर्नेलला स्मृतीत आणतो आणि त्याच्या हाती सूचनांची एक ओळ देतो: मूळ फाइल-व्यवस्था कोणत्या डिस्कवर आहे, संदेश कोठे दाखवावेत, इत्यादी. सी-डॅकने विकसित केलेल्या, डेबियनवर आधारित ‘बॉस’ लिनक्ससारख्या प्रणालीत ही ओळ कर्नेलच्या बाहेर, बूटलोडरच्या मांडणीत असते. ती बदलण्यास कर्नेलला हात लावावा लागत नाही.

परंतु पडदा किंवा कीबोर्ड नसलेल्या लहान यंत्रात बूटलोडर कधी काहीच सांगत नाही. मूळ डिस्क सापडली नाही, तर कर्नेल तेथेच थांबते. म्हणून ते बांधतानाच त्याच्या पोटात सूचनांची ओळ लिहून ठेवण्याची सोय आहे.

मात्र आतली आणि बाहेरची अशा दोन ओळी असल्यावर शेवटचा शब्द कोणाचा? सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह रचनेवर आधारित आहेत, त्या रचनेसाठी लिनक्समध्ये तीन पर्याय आहेत. ‘फॉलबॅक’मध्ये बूटलोडरने काही सांगितले नाही, तरच आतली ओळ वापरली जाते. ‘एक्स्टेंड’मध्ये दोन्ही ओळी एकत्र जोडल्या जातात. ‘फोर्स’मध्ये बाहेरून काहीही आले, तरी आतलीच ओळ चालते.

यांतील निवड केवळ सोयीची नाही. बूटलोडरपर्यंत पोहोचलेली व्यक्ती त्या ओळीत एक सूचना घालून, पासवर्ड न देता, संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकते. ‘फोर्स’ हे दार बंद करतो. पण दुसरे कर्नेलच बसवता येत असेल, तर त्या बंदीला अर्थ उरत नाही. म्हणून बूट होताना कर्नेलची डिजिटल स्वाक्षरी तपासावी लागते. शिवाय तेच दार दुरुस्तीचेही असते. उद्या डिस्क बदलली आणि तिचा पत्ताही बदलला, तर एका शब्दासाठी संपूर्ण कर्नेल पुन्हा बांधावे लागते. पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या यंत्रास ही कठोरता शोभते. विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी उघडून पाहावयाच्या संगणकास ती जाचक ठरते.

तात्पर्य, पूर्वनिश्चित सूचना लिहिणारा माणूस, आपण जवळ नसताना यंत्राने काय करावे, हे ठरवीत असतो. त्याने दोन गोष्टींचा विचार आधी केला पाहिजे: शांतता असेल तेव्हा यंत्र सुरक्षितपणे सुरू होईल काय, आणि परिस्थिती पालटली तर पुढच्या माणसाला ते सुधारता येईल काय.

पालक आणि शिक्षक याहून वेगळे काय करतात? छत्तीसगडातील मराठी घरात मूल प्रथम मराठी बोलते. पुढे अंगणात छत्तीसगडी आणि बाजारात हिंदी तिला येऊन जोडली जाते. आतली ओळ पुसली जात नाही आणि बाहेरची नाकारली जात नाही. कोणी सांगणारे नसेल तेव्हा साथ देणारी आणि नव्या शब्दाला जागा ठेवणारी अशी आरंभीची आज्ञा या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या देत राहावी, हीच हीरक महोत्सवानिमित्त शुभेच्छा.