बॅटरीचा शेअर घ्यावा की नाही?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपले एक सभासद, निवृत्त बँक अधिकारी, यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सगळ्यात आधी एक कबुली देतो. मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. तो मी बदलला. कारण गेल्या वर्षभरात आपल्या कॉलनीत, सकाळच्या फिरण्यात, गणपतीच्या मांडवात, एवढंच काय दशक्रियेलासुद्धा, मला एकच प्रश्न विचारला गेला आहे. “सर, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचा शेअर घ्यावा का?” विचारणाऱ्यांत नुकतीच ग्रॅच्युइटी मिळालेले गुरुजी आहेत, महिन्याला दोन हजार बाजूला टाकणारी पोरं आहेत, आणि सोयाबीनचा पैसा हातात आलेले शेतकरी सभासदही आहेत. म्हटलं, पंचवीस जणांना पंचवीस वेळा सांगण्यापेक्षा एकदाच माइकवरून सांगावं.

मी काही नोंदणीकृत सल्लागार नाही. कंपन्यांची नावं घेईन ती उदाहरणासाठी. घ्या किंवा विका असं मी कोणालाच सांगणार नाही, मग नंतर घरी येऊन “तुमच्या सांगण्यावरून घेतला” असं म्हणायचं नाही.

प्रश्न मात्र खुळा नाही. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, अकोल्याहून आपल्यापैकी कितीतरी जण बदलीवर इथे आले आणि २००० साली ही संस्था उभी राहिली. तेव्हा कॉलनीत लुना आणि सायकली होत्या. आज आपल्या पार्किंगमध्ये रात्री वायरी लोंबताना दिसतात. पाटणी चौकात ई-रिक्षांची रांग लागते. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धीने संभाजीनगरकडे निघालात तर तिकडे बिडकीनला एथरने स्कूटर आणि बॅटरी पॅकचा मोठा कारखाना जाहीर केलेला आहे. म्हणजे बदल डोळ्यासमोर होतो आहे. माणसाला वाटतं, गाड्या वाढणार, प्रत्येक गाडीत बॅटरी लागणार, तर बॅटरीवाल्याचं सोनं होणार.

यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसऱ्यावर बोलायचं आहे.

पहिलं विचारा, कोणती बॅटरी? ई-रिक्षात पाहिलं तर बऱ्याच जागी अजून शिसं आणि आम्लाचीच बॅटरी असते, आपल्या इन्व्हर्टरला असते तीच. स्कूटर आणि कारमध्ये लिथियमची. तिच्यातही दोन भाग आहेत. एक सेल आणि दुसरा पॅक. सेल म्हणजे खरी वीज साठवणारी चीज, टॉर्चच्या सेलसारखी समजा. शेकडो सेल एका पेटीत बसवून, वायरिंग आणि नियंत्रणाचं सर्किट लावून तयार होतो तो पॅक. आपल्याकडे पॅक भरपूर बनतात, सेल मात्र बहुतेक चीनमधून येतात. ‘बॅटरी पुरवठादार’ म्हणून जिचं नाव तुम्ही ऐकता, ती नक्की काय करते? सेल बनवते, की आणलेले सेल पेटीत भरते? दोन्ही धंदे चांगले असू शकतात, पण नफ्याचं गणित निराळं असतं.

कधी कधी तर ज्या कंपनीची बॅटरी तुम्हाला आवडली तिचा शेअरच बाजारात नसतो. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचा पॅक टाटा ऑटोकॉम्पचा. ती शेअर बाजारात नाही. मला एकाने सांगितलं, “टाटाची गाडी लय चालते, म्हणून मी बॅटरीवाल्याचा घेतला.” घेतला होता भलत्याचाच.

आता एक्साईड घ्या. चिंचवड, तळोजा इथे तिचे जुने कारखाने आहेत, आपल्या सगळ्यांच्या घरात तिचं नाव आहे. ८ एप्रिल २०२४ ला बातमी आली की ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी तिच्या उपकंपनीशी लिथियम सेलसाठी सामंजस्य करार केला. शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त उसळला. जूनमध्ये तो सहाशेच्या वर होता. त्या वेळी आपल्याकडच्या दोघा-तिघांनी घेतला, मला माहीत आहे, त्यातले एक आत्ता दुसऱ्या रांगेत खाली बघताहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये भाव चारशेच्या खाली होता.

कंपनीने काही फसवलं का? अजिबात नाही. फक्त आपण दोन गोष्टी एकत्र कालवल्या. २०२३-२४ मध्ये कंपनीला सुमारे हजार कोटींचा नफा झाला. तो आला कुठून? जुन्याच शिशाच्या बॅटऱ्यांतून. तुमची-आमची मोटरसायकल, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, दर तीन-चार वर्षांनी बदलायची बॅटरी, त्यातून. लिथियमचा कारखाना बंगळुरूजवळ उभा होतो आहे, त्यात तीन हजार कोटींहून जास्त गेले आहेत. म्हणजे तो अजून खर्चाच्या बाजूला आहे. आपण पैसे मोजले येणाऱ्या धंद्याचे, आणि नफा येतोय जुन्या धंद्याचा.

हिशोब करून पाहू, कागद-पेन असेल तर लिहा. कंपनीचे शेअर ८५ कोटी. नफा साधारण १,०५० कोटी. म्हणजे एका शेअरमागे बारा रुपये आणि काही पैसे. सहाशे रुपयांना घेतला म्हणजे त्या वर्षाच्या दराने पन्नासेक वर्षांचा नफा आधीच देऊन मोकळे झालात. त्या वर्षी लाभांश मिळाला शेअरला दोन रुपये. शंभर शेअर घेतलेल्याने साठ हजार घातले आणि वर्षाला हातात आले दोनशे. साठ हजारांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली असती तर चार हजार दोनशे आले असते. मी ठेवच बरी म्हणत नाहीये. नफा वाढला तर शेअरवाला पुढे निघून जाईल. पण तो चार हजारांचा फरक म्हणजे तुम्ही दरवर्षी भरलेली वाट पाहण्याची फी आहे, आणि ती किती वर्षं भरायची तयारी आहे हे घेतानाच ठरवायचं असतं.

अमर राजाचीही कहाणी अशीच. जून २०२४ मध्ये सेलच्या तंत्रज्ञानाचा करार जाहीर झाला, शेअर धावत सतराशेच्या वर गेला. पुढच्या एप्रिलमध्ये हजाराच्या खाली. तिचाही तेलंगणात महबूबनगरला सेलचा प्रकल्प आहे, साडेनऊ हजार कोटींचा, तोही दहा वर्षांत करायचा. दहा वर्षांत! आणि आपण डीमॅट खातं उघडून दर दहा मिनिटांनी बघतो.

तुम्ही म्हणाल, सरकार पाठीशी आहे ना? आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने सेल बनवणाऱ्यांसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. उद्दिष्ट ५० गिगावॅट-तास. गिगावॅट-तास म्हणजे दहा लाख युनिट, तीन युनिटची बॅटरी असलेल्या सव्वातीन लाख स्कूटरी समजा. योजनेत निवड झाली की टीव्हीवर नाव, नाव आलं की शेअर वर. पण २०२५ उजाडलं तेव्हा ५० पैकी अगदी थोडा भाग उभा होता. निवड झालेल्यांत सोन्याचे दागिने निर्यात करणारी एक कंपनीही होती, राजेश एक्सपोर्ट्स. २०२३ च्या सुरुवातीला तिचा शेअर हजाराच्या आसपास होता, २०२५ मध्ये दोनशेच्या आसपास. यादीत नाव येणं आणि कारखान्यातून माल बाहेर पडणं यात जे अंतर आहे ते आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना मी सांगायला नको. किती कोनशिला पाहिल्या आपण!

आणि कारखाना उभा राहिला तरी संपत नाही. लिथियमचा भाव बघा. चीनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता, २०२४ मध्ये एक लाखाच्या खाली. कच्चा माल स्वस्त झाला म्हणजे बॅटरीवाल्याचा फायदा, असं वाटतं. पण मग चीनचा सेलही स्वस्त होतो, आणि इथे नवा कारखाना टाकणाऱ्याला त्याच भावाशी झुंजायचं असतं. युरोपात स्वीडनची नॉर्थव्होल्ट होती. मोठमोठ्या गाडीवाल्यांचं पाठबळ, अब्जावधींचं भांडवल. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या वाढत होत्या, मागणी होती, तरी.

मंडळी, हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ज्याच्या-त्याच्या घरात पोती रचलेली. “थांब राजा, बारा हजार होते.” माझ्या सख्ख्या मेव्हण्याने थांबून थांबून शेवटी काय भावाने दिलं ते मी इथे सांगत नाही, तो समोर बसलाय. २०२४ च्या हंगामात तर हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्याही खाली. सोयाबीनची गरज संपली होती का? तेल लागतच होतं, ढेप लागतच होती. वस्तूची गरज वाढते म्हणून तिचा भाव आपल्याला हवा तसा वाढत नाही, हे वाशीमच्या माणसाने बाजार समितीत उभं राहून शिकलेलं आहे. मोबाईलवर शेअर घेताना तो ते विसरतो, एवढंच.

नव्या कंपनीच्या पहिल्या विक्रीत अर्ज करणाऱ्यांसाठीही एक आकडा देतो. ओला इलेक्ट्रिक ऑगस्ट २०२४ मध्ये आली, ७६ रुपयांना, कमीत कमी १९५ शेअर. म्हणजे १४,८२० रुपये. स्कूटरही तिची, सेलचा कारखानाही तिचा. दोनच आठवड्यांत भाव दीडशेच्या वर, पैसे दुप्पट. लोकांनी पेढे वाटले. २०२५ च्या जुलैत भाव चाळीसच्या आसपास, म्हणजे हातात आठ हजारांच्या आत. दीडशेला विकणारेही असतीलच की. पण दुप्पट झाल्यावर विकतो तो थोडा, आणखी घेतो तो जास्त. हा माझा बँकेतल्या छत्तीस वर्षांचा अनुभव आहे, आकडेवारी नाही.

इथे कोणीतरी अमळनेर काढणारच, म्हणून मीच काढतो. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, ते पिढ्यान्पिढ्या सांभाळले, कंपनी तुपावरून संगणकावर गेली आणि ती विप्रो झाली. गावात साधी माणसं कोट्यधीश झाली. तूपवाला संगणकवाला होऊ शकतो, तर शिसंवाला लिथियमवाला का नाही होणार? होऊ शकतो. खरंच होऊ शकतो, मी नाही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी बघा. अमळनेरच्या लोकांनी ते शेअर तुपाच्या भावात घेतले होते, संगणकाच्या नव्हे. आणि ते विकल्याशिवाय त्यांचा संसार चालत होता.

ज्यांच्या कंपन्या बुडाल्या त्या गावांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. माझी सांगतो. १९९५ मध्ये अकोल्याच्या एका ब्रोकरकडून मी एका नव्या कंपनीचे पाचशे शेअर घेतले, दहा रुपयांप्रमाणे. महिन्याचा पगार गेला. कंपनी काय करणार होती ते मला आजही नीट सांगता येणार नाही, तेव्हाही येत नव्हतं. कंपनी नाहीशी झाली. सर्टिफिकिटं कपाटात आहेत. छान जाड कागद आहे. सौ. दर दिवाळीला विचारते, “हे रद्दीत टाकू का?” मी नको म्हणतो. मला ती दिसलेली बरी.

मग तुम्हाला मी काय विचारतो? गुरुजींना विचारतो, हे ग्रॅच्युइटीचे पैसे सात-आठ वर्षं लागणार नाहीत का? मुलीचं लग्न, घुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काही त्यात धरलेलं आहे का? धरलेलं असेल तर विषय संपला. महिन्याला दोन हजार टाकणाऱ्या पोरांना विचारतो, एकाच कंपनीत का, म्युच्युअल फंडातून पन्नास कंपन्यांत का नाही? आणि तरीही एकच घ्यायची हौस असेल तर मग हौसेच्याच रकमेने घ्या, जी निम्मी झाली तरी रात्री जेवण जाईल. पेरणीचा पैसा असलेल्यांना मी काहीच विचारत नाही. तो पैसा जूनमध्ये लागतो, आणि बाजाराला मृग नक्षत्र कळत नाही.

शेवटचा मुद्दा समितीसाठी. गेल्या सर्वसाधारण सभेत एका उत्साही सभासदाने सूचना केली की इमारत दुरुस्ती निधीतले चार लाख अशाच एखाद्या शेअरमध्ये टाकावेत, म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग व्याजाशिवाय होईल. हेतू चांगला होता. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७० मध्ये संस्थेने पैसा कुठे ठेवावा ते लिहिलेलं आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक, राज्य सहकारी बँक, विश्वस्त कायद्यात मान्य असलेले रोखे, अशी ती ठिकाणं. बॅटरी कंपनी त्यात बसत नाही. कलम नसतं तरी मी विरोधच केला असता. स्वतःच्या साठ हजारांची वाट पाहायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी गळत असताना त्यांना “भाव येऊ द्या” असं कोण सांगणार?

मी या दोन्ही बॅटरी कंपन्यांचे वार्षिक अहवाल छापून आणले आहेत. जाडजूड आहेत आणि इंग्रजीत आहेत, पण नफा-तोट्याचं पान आणि कोणत्या धंद्यातून किती आलं ते पान मी घडी घालून ठेवलं आहे. संस्थेच्या कार्यालयातल्या टेबलावर ठेवतो. येत्या रविवारी सकाळी आठला ज्यांना यायचं असेल त्यांनी या, बसून वाचू. चष्मा आणा. चहा माझ्याकडून.