तक्रार करून काय होतं? घड्याळ सुरू होतं!

आजचा विषय आपल्या पायाखालचा आहे. रस्त्यातला खड्डा, फुटलेला फुटपाथ, उघडं मॅनहोल. आणि त्यावरचं आपलं ठरलेलं वाक्य, 'तक्रार करून काय होतं?'

तर काय होतं ते ऐका.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. म्हणजे बघा, न्यायाधीशांनाही तक्रारच करावी लागली! त्या पत्राचीच पुढे जनहित याचिका झाली. चांगला रस्ता हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं.

तरी माणसं जातच राहिली. २०१७ च्या ऑगस्टमधल्या त्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने आकडेच ठरवून दिले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई, जखमी झालात तर ५० हजार ते अडीच लाख. आणि खड्डा लक्षात आणून दिला की ४८ तासांत त्यावर काम व्हायला हवं, नाहीतर तो घोर निष्काळजीपणा समजायचा.

'लक्षात आणून दिला की'. हे शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणजे ४८ तासांचं घड्याळ सुरू करणारे आपणच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ते सुरू होत नाही. इन्स्टाची स्टोरी चोवीस तासांत उडते, तक्रार क्रमांक मात्र राहतो.

आता कामाच्या चार गोष्टी.

एक, फोटो दोन काढा. एक जवळून आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल. 'जागा सापडली नाही' म्हणायला वाव ठेवू नका.

दोन, पालिकेच्या ॲपवर किंवा हेल्पलाइनवर नोंदवा आणि क्रमांक घ्याच. मुंबईत हेल्पलाइन १९१६. मॅनहोल उघडं असेल तर ॲप उघडत बसू नका, थेट फोन लावा.

तीन, 'हा रस्ता आमच्याकडे येत नाही' असं उत्तर आलं, तर कोणाकडे येतो ते लेखी विचारा. हे उत्तर कधीकधी खरंही असतं. मुंबईचे दोन्ही द्रुतगती महामार्ग पालिकेकडे आले ते २०२२ मध्ये.

चार, आणि हीच खरी गोम. खड्डा तसाच आणि ॲपवर 'तक्रार निकाली'! अशा वेळी त्याच दिवशी, त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा आणि जुना क्रमांक देऊन तक्रार पुन्हा उघडा. तरीही ढिम्म? मग माहिती अधिकारात अर्ज टाका. विचारा, कंत्राटदार कोण आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो? तो संपला नसेल, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

प्रत्येक तक्रारीने खड्डा बुजेलच असं नाही. पण उद्या तिथे कोणी पडलं, तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कोणालाही म्हणता येणार नाही. तुमचा क्रमांक तिथे साक्षीला उभा असेल.

एपिसोड संपला की एक तक्रार नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे. भेटू पुढच्या भागात!