घडीवर चिरणार नाही ना?
२००७ साली फिलिप्समधून निघालेल्या पॉलिमर व्हिजनने ‘रीडियस’ दाखवला. मिटला की मोबाइलएवढा, उलगडला की पाच इंची ई-पेपर! अक्षरं एकदा उमटली की टिकवायला वीजही नको. आम्ही इंजिनिअर हरखलो. आईला फोटो दाखवला, तर म्हणाली, “पैठणी घडीवर चिरते, म्हणून मी घडी बदलून ठेवते. हा नाही चिरणार?” मी हसले. (आपल्या भूगोलाच्या वर्गातला, घडीवरच फाटलेला नकाशा मी विसरले होते.) २००९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, रीडियस दुकानात आलाच नाही. २०१९ साली घडीचे फोन आले. ते ई-पेपरचे नव्हेत, तरी जो तो आधी घडीवरच बोट फिरवी. त्या दिवशी आईला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “कशाबद्दल गं?”