राख तळ्यावर उतरते तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातल्या अफार प्रदेशात हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या राखेचा ढग येमेन, ओमान ओलांडून अरबी समुद्रावर आला आणि पुढे गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आकाशात पसरला. विमानांची काही उड्डाणं रद्द झाली. ढग फार उंचावरून गेल्यामुळे जमिनीवर त्याचा फारसा परिणाम जाणवला नाही. पण अशी राख विरारच्या पापडखिंड धरणात किंवा वसई-विरारला पाणी पुरवणाऱ्या पेल्हार, उसगावच्या जलाशयांत भरपूर पडली, तर तिथल्या जीवसृष्टीचं काय होईल, हा प्रश्न गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती म्हणजे फुटलेल्या काचेचे आणि खनिजांचे बारीक, धारदार कण. पाण्यात पडली की आधी गढूळपणा वाढतो आणि उजेड खोलवर पोहोचत नाही. मग हळूहळू ती तळाशी बसते आणि तिथल्या अळ्या, गोगलगाई, माशांची अंडी तिच्याखाली गाडली जातात. कणांवर चिकटून आलेली फ्लोराइड आणि सल्फेटसारखी द्रव्यं पाण्यात उतरतात ती वेगळीच.

याचा बारकाईने अभ्यास झाला तो अर्जेंटिनात. जून २०११ मध्ये चिलीतला पुयेवे-कॉर्दोन काउये ज्वालामुखी फुटला आणि वाऱ्याने राख सीमेपलीकडच्या बारिलोचे परिसरातल्या सरोवरांवर नेली. तिथलं पाणी एरवी काचेसारखं नितळ. इतकं, की वरच्या थरातल्या सूक्ष्म शैवालांना उन्हाचा अतिरेकच बाधतो. राखेने उजेड कमी केला, शिवाय फॉस्फरस आणून दिला. परिणाम असा, की काही सरोवरांत शैवाल घटण्याऐवजी वाढलं! डॅफ्नियाचे मात्र हाल झाले. हा जेमतेम मोहरीएवढा, पारदर्शक जीव पाणी गाळून त्यातले कण खातो. अन्न कुठलं आणि राख कुठली हे त्याला निवडता येत नाही. राखेच्या पाण्यात ठेवलेल्या डॅफ्नियांच्या आतड्यात राखेचे कण सापडले, आणि त्यांचं जगण्याचं प्रमाण घटलं. डॅफ्निया शैवालही खातो आणि स्वतः माशांचं खाद्यही होतो, त्यामुळे तो घटला की वरची-खालची दोन्ही गणितं बिघडतात.

महाराष्ट्राला ज्वालामुखीची राख परकी नाही. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडी नदीच्या गाळात तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरून आलेली तोबा ज्वालामुखीची राख आहे. तिच्या वयावर अभ्यासकांत बराच वाद झाला. काचेच्या कणांच्या रासायनिक तपासणीवरून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचं अनेक जण मानतात. त्याच स्फोटाची राख आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या तळाच्या गाळातही मिळाली. एवढ्या मोठ्या स्फोटाने हवामान गारठलं असावं असं वाटेल, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या थराच्या आसपास मोठ्या गारठ्याची खूण आढळली नाही.

त्याहून कितीतरी जुनी गोष्ट जीवदानीच्या डोंगराची. विरारचा हा काळा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. हे थर एका दमात साचले नाहीत. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ जाई, खोलगट जागी तळी साचत, त्यांत जीव नांदत. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेसाल्टच्या काळ्या दगडाखाली शेलच्या, म्हणजे गाळाच्या खडकाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. नागपूरजवळच्या टाकळीला गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म मिळाले. तळं लाव्ह्याखाली गेलं तरी पुढच्या खोलगटात जीव पुन्हा येत राहिले.

आजच्या विरारचं गणित बारिलोचेहून निराळं आहे. आपलं पाणी उबदार आणि मुळातच पोषक द्रव्यांनी भरलेलं. इथे शैवालाला फॉस्फरसची आणखी भर पडली, तर ते माजून, मग कुजून प्राणवायू संपवू शकतं. शिवाय राख थेट पाण्यावर पडेल तेवढीच येणार नाही. डोंगरउतारावर साचलेली पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून उतरेल, म्हणजे जलाशयाला दुसरा तडाखा जूनमध्ये बसेल. त्याच पावसाने धरण भरून सांडलं की बराच गढूळपणा वाहूनही जाईल. विरारच्या पूर्वेकडच्या दगडखाणींची भुकटी ओढ्यांत उतरली, तर उजेड अडवण्याचं आणि तळ झाकण्याचं काम तीही करते. तिला ज्वालामुखी लागत नाही.

बारिलोचेच्या संशोधकांना राखेचा परिणाम इतक्या खात्रीने सांगता आला, कारण उद्रेकाआधीच्या पाण्याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या: पाणी किती नितळ, फॉस्फरस किती, शैवाल किती. पेल्हार, उसगाव आणि पापडखिंडीच्या पाण्याचीही अशी नोंद दर महिन्याला ठेवावी. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना एक जाळी, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन-चार उत्साही विद्यार्थी घेऊन ते काम सुरू करता येईल.