दुकानातलं गाणं कोणासाठी वाजतं?



दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघरी याद्या सुरू झाल्या असतील. म्हणून आज बाजारातल्या एका गोष्टीबद्दल बोलू या, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे दुकानात आणि हॉटेलात वाजणारं गाणं.

पूर्वी चहाच्या टपरीवर रेडिओ असायचा. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी टपरीटपरीवर पोचली. टपरीवाला स्वतःच्या करमणुकीसाठी रेडिओ लावायचा, तर्री-पोहे खाता खाता आपणही ऐकायचो. कोणतं गाणं लागेल ते त्याच्या हातात नव्हतं. आताच्या मोठ्या दुकानात स्पीकर छतात असतो, दिसतही नाही. तिथलं गाणं मात्र कोणीतरी ठरवून लावलेलं असतं.

आमच्या गटातल्या एक ताई मागच्या महिन्यात पोरीसाठी ड्रेस घ्यायला वर्ध्याला गेल्या होत्या. भुलाबाईचे दिवस होते. एरवी त्या दुकानात हिंदी गाणी वाजतात, त्या दिवशी अचानक भुलाबाईचं गाणं लागलं. ताई थबकल्याच. माहेरचं अंगण, टिपऱ्या, झाकलेली खिरापत ओळखायची गंमत, सगळं डोळ्यापुढे आलं. त्या बराच वेळ दुकानात रेंगाळल्या. बाहेर आल्या तेव्हा पिशवीत ड्रेस होता, आणि यादीत नसलेली एक साडीही होती.

साडी गाण्यामुळेच घेतली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण गाण्याचा खरेदीवर परिणाम होतो, हे अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत रोनाल्ड मिलिमन यांनी एका किराणा मालाच्या मोठ्या दुकानात काही दिवस संथ आणि काही दिवस जलद संगीत लावलं. संथ संगीत असताना लोक हळू चालले आणि विक्री जलद संगीताच्या दिवसांपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त झाली. हा अभ्यास १९८२ साली छापून आला. इंग्लंडमधल्या एका दुकानात फ्रेंच संगीत लावलं की फ्रान्सची वाईन जास्त खपायची, जर्मन संगीत लावलं की जर्मनीची. नंतर विचारलं, तर बहुतेक गिऱ्हाइकांना संगीताचा परिणाम झाला असं वाटतच नव्हतं. हेच लक्षात ठेवायचं. आपल्याला कळत नाही, आणि हात पुढे जातो.

गाणं वाईट नाही, मैत्रिणींनो. माहेरची आठवण येण्यातही काही वावगं नाही. पण वीस-पन्नास रुपये करत जमवलेली बचत आठवणीच्या भरात जायला नको. म्हणून तीन गोष्टी करा. यादी आणि रक्कम घरूनच लिहून न्या. यादीबाहेरची महाग वस्तू आवडली तर लगेच घेऊ नका. दुकानाबाहेर या, चहा घ्या, हिशेब करा, तरीही हवीशी वाटली तर परत जा. आणि गाण्याच्या गोंगाटात भाव नीट ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करायला सांगा. त्यात संकोच कसला? आपण पैसे मोजणार आहोत.

आता दुसरी बाजू. आपणही विकतो. प्रदर्शनात आपल्या गटांचे पापड, लोणची, मसाल्यांचे स्टॉल लागतात. तिथे गाणं लावायचं का? लावायचं तर बेतानं. गिऱ्हाइकाला भाव विचारताना ओरडावं लागलं, तर ते पुढच्या स्टॉलवर जाईल. शिवाय दिवसभर तिथे आपल्याच बायका बसणार, त्यांच्या कानांचाही विचार करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे भोंगा लावायला लेखी परवानगी लागते. बाजारपेठेच्या भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे.

आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रित गाण्यांवर मालकी हक्क असतो. लग्नात वाजवायला सूट आहे, पण धंद्याच्या जागी वाजवायचं तर हक्कदाराचा परवाना लागतो. मोबाईलमधलं गाणं फुकट मिळालं म्हणून स्टॉलवर लावता येतंच असं नाही.

मग करायचं काय? आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, भुलाबाईची गाणी आहेत. आयाआज्यांकडून तोंडी चालत आलेली ही परंपरेची गाणी आपणच आपल्या गळ्यानं म्हणावी. त्याला परवाना नको, स्पीकर नको. गिऱ्हाईक थांबेल, विचारेल, आणि मग आपला माल त्याच्या हातात द्या. भाव मात्र तोच सांगा, जो गाणं नसताना सांगितला असता.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं एक सांगावं: दिवाळीच्या खरेदीत यादीबाहेरचं काय आलं, आणि तेव्हा दुकानात काय वाजत होतं? सगळ्यांची उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या सणाला कामी येतील.